चाळीसच्या पाढ्यात शंभर येत नाही

पंखा बंद, एसी बंद, खिडकीच्या फटीला टॉवेल. एप्रिलची दुपार, कोथरूडमधली दहा बाय अकराची खोली, आणि आम्ही तिघं घामाघूम होऊन एका ॲल्युमिनियमच्या खोक्याकडे कान लावून बसलो होतो. खोकं, म्हणजे दादा-वहिनींसाठी मी बांधलेला कॉम्प्युटर, चालू होतं. म्हणजे स्क्रीनवर दिसत होतं, म्हणून चालू म्हणायचं. मला काहीच ऐकू येत नव्हतं आणि दीड महिन्याच्या खटपटीनंतर मी मनातल्या मनात बिल लिहायला घेतलं होतं. तेवढ्यात वहिनींनी हेडफोन एका कानावरून सरकवला.

"गुंऽऽ असं काहीतरी आहे गं. बारीक आहे, पण आहे."

वहिनी ऑडिओबुकं वाचतात. त्यांचा कान आणि त्यांचा कंडेन्सर माइक, दोन्हींपुढे माझी डाळ शिजत नाही. दादा माहितीपट एडिट करतात, रंगांचं ग्रेडिंगही स्वतःच करतात. दोघांची कामाची खोली एकच. दादांचं रेंडर, म्हणजे कापलेल्या फिल्मची अंतिम फाइल बनवणं, लागलं की कॉम्प्युटर घरघरायला लागायचा आणि वहिनींचं वाचन बंद. वहिनी वाचायला बसल्या की दादा गॅलरीत. पंधरा वर्षं संसार असा पाळ्यांमध्ये चालला होता.

पहिल्या भेटीत मी सरळ सांगितलं होतं, की कॉम्प्युटर शेजारच्या खोलीत ठेवा, भिंतीला भोक पाडून लांब केबली ओढा, थोडक्यात काम होईल. कॉम्प्युटर बांधून द्यायच्या माझ्या धंद्याच्या मुळावर येणारा सल्ला, पण खरा. तो चालण्यासारखा नव्हता. घर भाड्याचं, मालक खिळासुद्धा मारू देत नाहीत, आणि शेजारच्या खोलीत दादांच्या आई असतात. मग दादा माळ्यावर चढले आणि चादरीत गुंडाळलेलं एक धूड खाली घेऊन आले.

"याच्यात बसवशील?"

ॲपलचा पॉवर मॅक जी-५. वर-खाली दांडे, पुढून-मागून भोकाभोकांची जाळी. २००५ साली दादांनी कर्ज काढून घेतलेला. त्यांची पहिली फिल्म याच मशीनवर कापलेली, त्यामुळे भंगारवाल्याला द्यायचा जीव झाला नव्हता. या मॅकमध्ये नऊ पंखे होते, चार स्वतंत्र कप्प्यांत वाटलेले. गंमत म्हणजे जून २००४मध्ये याच खोक्यात २.५ गिगाहर्ट्झचं मॉडेल आलं, तेव्हा खुद्द ॲपलनेच त्यात थंडाव्यासाठी द्रव खेळवला होता. दादांचं मशीन २ गिगाहर्ट्झचं, साधं हवेवरचं. म्हणजे आतली उष्णता पाण्याने वाहून न्यायचं जे काम मी करणार होते ते या खोक्याच्या घराण्यात होऊन गेलेलं होतं.

दादांच्या अटी दोन. बाहेरून ओळखू येता कामा नये, आणि कुठेही दिवा नको. अंधाऱ्या खोलीत रंग बघायचे तर कोपऱ्यात लुकलुकणारा ठिपकाही त्यांना खुपतो. दुसरी अट मी आनंदाने मान्य केली. हल्ली कॅबिनेट म्हणजे गणपतीची आरास झाली आहे, इथे कुणीतरी दिवे नकोत म्हणणारा भेटला.

पहिल्या अटीने मात्र घाम काढला. खोक्याची रुंदी २०.६ सेंटिमीटर, आणि मदरबोर्ड ज्या खुंट्यांवर बसायचा त्यांची जागा आजच्या कुठल्याच बोर्डाशी जुळत नाही. जुन्या खुंट्या पक्कडीने पिळून काढल्या. बाहेरच्या पत्र्याला एकही भोक पाडायचं नव्हतं, म्हणून आत इपॉक्सीने २० मिलिमीटरचे खांब चिकटवले आणि त्यांवर दोन मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची प्लेट बसवली. बोर्ड प्लेटवर, सगळ्या वायरी प्लेटखालून. त्या २० मिलिमीटरमुळेच आतलं काम नीटनेटकं दिसतं. फोटो काढणाऱ्यांना नळ्या दिसतात, बनवणाऱ्याचा वेळ वायरी लपवण्यात जातो. एसएमपीएसची, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याची, प्रत्येक केबल मी मापून आखूड केली आणि मेणाच्या दोऱ्याने बांधली, गजरा बांधतात तशी गाठ मारत.

मागच्या बाजूला मात्र कापण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मदरबोर्डाच्या सगळ्या जोडण्यांसाठी जो चौकोन लागतो तो १५८.७५ बाय ४४.४५ मिलिमीटर, आणि तो अर्ध्या मिलिमीटरने चुकला तरी डोळ्यांत सलतो. कापायला मी भोसरीच्या एका फॅब्रिकेटर मामांकडे गेले. त्यांनी खोक्यावरून हात फिरवला आणि "बाई, असला माल कापायला लावताय?" म्हणाले, पण जिगसॉच्या ब्लेडला रॉकेल लावून एका दमात कापला. ॲल्युमिनियम मऊ असतं, कोरडं कापलं तर ब्लेडच्या दातांत चिकटतं. शेवटचा अर्धा मिलिमीटर मी घरी कानशीने घासला. तो बारीक चुरा वीजवाहक असतो, म्हणून आत एकही पार्ट ठेवण्याआधी खोकं गच्चीवर नेऊन दोनदा धुतलं.

प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुद्दामच बेताचं खाणारं निवडलं. बारा कोअरचा रायझन ९ ७९००, ६५ वॅटच्या वर्गातला, आणि आरटीएक्स ४०७०, २०० वॅटचं. समोरच्या जाळीमागे २८० मिलिमीटरचा तांब्याचा रेडिएटर, म्हणजे पाण्यातली उष्णता हवेत सोडणारा भाग, मागे १२०चा. स्वस्तातला ॲल्युमिनियमचा रेडिएटर तपकीर गल्लीतल्या एका दुकानदाराने माझ्या गळ्यात मारायचा प्रयत्न केला. प्रोसेसरवरचा ब्लॉक, म्हणजे त्याची उष्णता पाण्यात उतरवणारा ठोकळा, तांब्याचा आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचा, एकाच पाण्यात, म्हणजे तुम्ही एक मंद बॅटरीच तयार करता. ॲल्युमिनियम झिजत जातं, गाळ धरतो, वर्ष-दोन वर्षांत ब्लॉकच्या बारीक खाचा बुजतात. हे त्याला समजावत बसले नाही. नळ्या काळ्या रबराच्या घेतल्या. काचेसारख्या कडक नळ्या दिसतात छान, पण थरथर इकडून तिकडे पोचवण्यात तरबेज असतात.

आणि तयार बंद पॅकमधला वॉटर कूलर का नाही, हे दादांनी विचारलंच. त्यात पंप बहुतेक वेळा प्रोसेसरच्या डोक्यावरच बसवलेला असतो, तो वेगळा करून कशावर टेकवता येत नाही, आणि ग्राफिक्स कार्डाचे पंखे राहतातच. पाण्याचा हा सगळा संसार मांडायला मात्र जवळपास ग्राफिक्स कार्डाइतकेच पैसे लागतात, हेही सांगून टाकलं.

"पावसाळ्यात आत दव धरेल का?" हा प्रश्न दर वेळी येतो, वहिनींकडूनही आला. नाही धरत. रेडिएटरमधून खोलीचीच हवा जाते, त्यामुळे पाणी खोलीपेक्षा गार होऊच शकत नाही, आणि दव धरायला पृष्ठभाग गार लागतो. एप्रिलमध्ये बंद खोली ३५ अंशांवर गेली तर पाणी त्याच्या वरच राहणार. मग पाणी घालून मिळवलं काय? मिळवला तो वेळ. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४१८० जूल लागतात. वहिनी वाचत असताना मशीन जेमतेम ५५ ते ६० वॅट उष्णता सोडतं. म्हणजे सगळे पंखे बंद केले तरी पाणी मिनिटाला एक अंशसुद्धा चढत नाही. हवेवरच्या मशीनमध्ये स्क्रीनवर एखादी खिडकी उघडली की प्रोसेसर क्षणात तापतो आणि पंखा दचकून उठतो. माइकला सगळ्यात जास्त तेच टोचतं, आवाजाचं असं मध्येच वर जाणं. मी पंखे प्रोसेसरऐवजी पाण्यातल्या सेन्सरला बांधले आणि कीबोर्डावर एक बटण ठरवून दिलं: दाबलं की पंखे थांबतात, पाणी ४८ अंशांवर गेलं तरच परत फिरतात. पंपाला ६० अंशांपर्यंतचं पाणी चालतं, त्यामुळे वर भरपूर जागा.

गळतीची परीक्षा माझ्या वर्कशॉपमध्ये झाली. एसएमपीएसच्या मोठ्या चोवीस पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर काळ्या वायरीला यू-पिनने जोडायची, म्हणजे बोर्डाला वीज न देता फक्त पंप फिरतो. खाली पांढरा टिश्यू अंथरायचा आणि चोवीस तास हात लावायचा नाही. सहाव्या तासाला ग्राफिक्स कार्डाच्या ब्लॉकखाली शिक्क्याएवढा ओला डाग. चूक माझीच. नळी जोडायचं फिटिंग हाताने घट्ट करायचं असतं, पुढचं काम आतली रबरी ओ-रिंग करते. मी भीतीपोटी पान्याने आणखी पाव फेरा दिला आणि रिंग चिमटली गेली. आठ रुपयांची रिंग. कार्डाला वीजच नव्हती, म्हणून निभावलं. कार्ड दोन दिवस पंख्याखाली सुकवलं आणि परीक्षा पहिल्यापासून.

तर, ती दुपार. पंखे थांबलेले, फक्त पंप चालू, आणि वहिनींना गुंऽऽ ऐकू येतंय. मी आधी मानायला तयार नव्हते. वहिनी वादात पडल्या नाहीत. त्यांनी रिकाम्या खोलीचं एक मिनिट रेकॉर्ड केलं आणि दादांनी त्याचा आलेख उघडला, कुठल्या कंपनाला किती जोर आहे ते दाखवणारा. खालच्या टोकाला सुळके उभे होते. ४०, ८०, १२०, १६०.

पंप मिनिटाला २४०० फेऱ्यांवर होता. भागिले साठ, म्हणजे सेकंदाला चाळीस. चोर सापडला. पंप मी खालच्या पत्र्यावर आवळून बसवला होता. पत्र्यातून पायांत, पायांतून टेबलात, आणि माइकचा दांडा त्याच टेबलाला चिमट्याने लावलेला. हवेतून आवाज येतच नव्हता, म्हणून माझ्या कानाला पत्ता नव्हता.

पण वहिनी बोट दाखवून म्हणाल्या, "आणि हा? चाळीसच्या पाढ्यात शंभर कुठे येतं?"

खरंच, ८० आणि १२०च्या मधोमध १००वर एक सुळका होता. मी पंप १८००वर आणला, पुन्हा एक मिनिट रेकॉर्ड केलं. पंपाची सगळी फौज सरकली: ३०, ६०, ९०, १२०. शंभर जागच्या जागी. पंप पूर्ण बंद केला. शंभर आहेच. शेवटी दादांनी मशीनच बंद करून लॅपटॉपवर रेकॉर्ड केलं. शंभर ढिम्म हलेना.

पहिल्यांदा त्या दुपारी मला पाणी मागावंसं वाटलं, प्यायचं. ते आणायला पॅसेजमध्ये गेले आणि भिंतीला लागून ठेवलेल्या इन्व्हर्टरवर हात टेकला. हाताला मुंग्या आल्यासारखी थरथर. गुरुवार होता. सकाळी देखभालीसाठी वीज गेली होती, दुपारी आली होती आणि रिकामी झालेली बॅटरी इन्व्हर्टर जोरात चार्ज करत होता. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला पन्नास आवर्तनांची, आणि ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा प्रत्येक आवर्तनात दोनदा ताणला जातो. पन्नास दुणे शंभर. इन्व्हर्टरचं बटण बंद करून रेकॉर्ड केलं, सुळका गायब.

दादा हसत सुटले. कारण गेली चार वर्षं वहिनींच्या रेकॉर्डिंगमधला तो शंभर ते फिल्टर लावून काढत होते आणि खापर कॉम्प्युटरवर फोडत होते. वहिनी हसल्या नाहीत. फिल्टरने त्यांच्या आवाजातला खर्ज किती खाल्ला असेल, याचा त्या हिशोब करत होत्या.

इन्व्हर्टर संध्याकाळी स्वयंपाकघराच्या गॅलरीत गेला. पंपासाठी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून फरशी पुसायचा जाड स्पंज आणला. दोन पट्ट्या, मध्ये स्पंज, वरच्या पट्टीला पंप, खालच्या पट्टीला पत्रा, आणि एकही बोल्ट आरपार जाणार नाही याची काळजी. पन्नास रुपयांत चाळीसचा पाढा पुसला गेला. मग वहिनींनी दहा मिनिटं सलग वाचलं. पाणी ३८वर होतं, ते साडेपाच अंशांनी चढलं, पंख्यांनी डोळासुद्धा उघडला नाही. रेकॉर्डिंगमध्ये शेवटी फक्त दादांच्या आईंचं खोकणं आलं, भिंतीपलीकडून.

बिल मिळालं, पेढेही मिळाले. आठ दिवसांनी दादांचा फोन.

"अगं, त्याला एक दिवा लावून दे बाई."

झालं होतं असं की रात्री रेंडर लावून दादा खाली गेले. स्क्रीन झोपली. वहिनी खोलीत आल्या, मशीन बंद आहे असं वाटून त्यांनी चालू करायला बटण दाबलं आणि तीन तासांचं रेंडर झोपवलं. दोन दिवसांनी तसंच दुसऱ्यांदा.

मूळ जी-५ला पुढच्या बटणाशी एक पांढरा दिवा असतो. मी त्याची वायर कापून प्लेटखाली गुंडाळून ठेवली होती. ती सोडवली, बोर्डाला जोडली आणि दादांच्या अंधारासाठी मोठा रेझिस्टर घातला, नुसता मिणमिणेल इतपत. परवा गेले होते तेव्हा पाहिलं, दादांनी त्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली आहे. अर्ध्याच भागावर.