मिडलटन रोची हवेली आणि एंटालीच्या मुली

कलकत्त्यातल्या लोरेटोचा, म्हणजे आयरिश कॅथलिक सिस्टर्सनी काढलेल्या मुलींच्या शाळांचा, इतिहास कुणी सांगायला घेतला की सुरुवात हमखास मिडलटन रोवरच्या हवेलीपासून होते. कंपनीच्या काळातल्या कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाचे पहिले मुख्य न्यायाधीश सर एलिजा इम्पे तिथे राहत. १७७५ साली बंगालमधले बडे अधिकारी महाराजा नंदकुमार यांना फाशी सुनावणारे तेच. त्यांच्या आवारात हरणं पाळलेली असत, त्यावरूनच पुढे पार्क स्ट्रीट हे नाव पडलं. ऐकायला छान वाटतं. पण मी शिकले शहरातल्याच एंटाली भागातल्या लोरेटोत, आणि माझ्या लेखी या इतिहासाचा गाभा तिथे आहे.

आयर्लंडहून चार महिने जहाजाने प्रवास करून पहिल्या सिस्टर्स ३० डिसेंबर १८४१ ला कलकत्त्यात उतरल्या. प्रमुख मदर डेल्फिन हार्ट ऐन विशीतल्या. जानेवारीत हवेलीत शाळा सुरूसुद्धा झाली! पण कंपनीच्या फौजेत आयरिश कॅथलिक शिपाई पुष्कळ. ते लढाईत नाहीतर तापाने, पटकीने जात आणि मुली उघड्यावर पडत. सिस्टर्सनी अनाथ मुलींचं काम अंगावर घेतलं आणि एंटालीत त्याने मूळ धरलं. याच आवारातल्या सेंट मेरीज शाळेत मदर तेरेसांनी १९३१ पासून शिकवलं, पुढे त्या मुख्याध्यापिका झाल्या आणि १९४८ मध्ये इथूनच झोपडवस्तीत गरिबांसाठी काम करायला गेल्या.

माझे वडील रेल्वेत. नागपूरहून खरगपूरला बदली झाली आणि मला बोर्डिंगात ठेवलं. शेजारच्या खाटेवरच्या मुलीला आई-वडील नव्हते. उन्हाळ्याची सुट्टी लागली की माझी मच्छरदाणी तीच सोडवायची, चौपदरी घडी घालायची, माझ्या होल्डॉलचे पट्टे गुडघा टेकून आवळून द्यायची. आम्ही पाच-सहा जणी फाटकाबाहेर पडायचो, ती आणि तिच्यासारख्या बाकीच्या आतच राहायच्या. शिवण, इस्त्री, लहानग्यांच्या वेण्या घालणं, सगळं त्यांना आमच्याआधी यायचं. आजारी पडले तेव्हा रात्रभर उशाशी बसली ती हीच. आई नंतर कितीतरी वर्षं तिची चौकशी करायची.

लोरेटोच्या स्मरणिकेत हवेलीचा फोटो असणारच, असायलाच हवा. माझी विनंती एवढीच आहे की अनाथाश्रमाच्या जुन्या नोंदवह्या वाळवी लागण्याआधी कुणीतरी नीट उतरवून घ्याव्यात. बंगाली आणि इंग्रजी वाचणाऱ्या दोन-तीन माजी विद्यार्थिनी मिळाल्या तरी काम सुरू होईल. मी माझं नाव देते आहे.