आप्पांना ऑर्लँडोत पोटभर जेवायला मिळालं ती जागा

अमेरिकेतल्या मराठी घरांत हिवाळ्यात आई-वडील राहायला आले की फ्लोरिडातल्या ऑर्लँडोची, म्हणजे डिस्नेच्या पार्कांची, सहल ठरलेलीच. आणि सहल ठरली की पहिली काळजी जेवणाची. माझे वडील माळकरी, त्यांना अंडंसुद्धा चालत नाही. पार्कात मुलं पिझ्झा आणि फ्राइजवर खूश असतात, पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाने रोज दुपारी तेच किती खायचं? आप्पांच्या पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती. ती पुरवून पुरवून खाताना पाहिलं की मला फार वाईट वाटायचं.

म्हणून 'सना' या रेस्टॉरंटबद्दल मनापासून लिहितेय. डिस्नेचं अ‍ॅनिमल किंगडम लॉज नावाचं रिसॉर्ट आहे, २००१ साली सुरू झालेलं. त्याचाच दुसरा भाग किदानी व्हिलेज, २००९चा. सना त्याच्या तळमजल्यावर आहे. तिथं मुक्काम नसला तरी जेवायला जाता येतं, फक्त टेबल आधी राखून ठेवावं लागतं. साठ दिवस आधीपासून बुकिंग घेतात. मोठमोठ्या काचांच्या पलीकडे मोकळं गवताळ रान, आणि त्यात जिराफ, झेब्रे खरेखुरे चरत असतात.

जेवण आफ्रिकी, पण भारतीय वळणाचं. हे काही ओढूनताणून जुळवलेलं नाही. १८६०पासून आपली माणसं दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ भागात उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेली, पुढे पूर्व आफ्रिकेत युगांडा रेल्वे बांधायला गेली, गुजराती व्यापारी तर त्याच्याही कितीतरी आधीपासून झांझिबारला होते. केनियात आजही घरोघरी चपाती लाटतात. मसाले आणि पोळी-चटणी माणसांबरोबरच समुद्रापार गेली, त्यामुळे इथलं जेवण आप्पांना परकं वाटलं नाही.

आमच्या वाढप्याच्या नावाच्या बिल्ल्यावर त्याच्या देशाचं नाव, 'बोत्स्वाना', लिहिलं होतं. बसल्या बसल्या त्याने आधी विचारलं, कुणाला कशाची अ‍ॅलर्जी, कुणाचं काही पथ्य? मी मांस, मासे, अंडं काहीच नको असं सांगितलं. तो आत जाऊन विचारून आला आणि कशात काय आहे ते एकेक करून सांगितलं. इतक्या गर्दीच्या संध्याकाळी त्याने ते घाई न करता केलं, याचं मला फार अप्रूप वाटलं.

मग ब्रेड सर्व्हिस आली. नान, कांदा कुलचा, पनीर पराठा असे गरम गरम प्रकार आणि सोबत नऊ वाट्या: काकडीची कोशिंबीर म्हणावी असं रायतं, चिंचेची चटणी, कोथिंबिरीची, आंब्याची, लसणाचं लोणचं, हमस म्हणजे काबुली चण्याची वाटलेली चटणी, टोमॅटो-खजुराचा गोड जॅम, लाल मिरचीचं सांबल आणि हॅलापिनो-लिंबाचं झणझणीत लोणचं. आप्पांनी आधी बोटाने प्रत्येकाची चव घेतली, मग लसणाचं लोणचं आपल्याकडे ओढून घेतलं. धाकटीने जॅम संपवला. थोरल्याने सांबल खाऊन डोळ्यांत पाणी आणलं आणि पुन्हा घेतलं. प्रत्येकाला आपापलं काहीतरी सापडलं. मुलांचा वेगळा मेन्यूही असतो, आम्हाला तो उघडावा लागला नाही.

इतक्यात काचेपलीकडे अंकोले गायींचा कळप आला. ही आफ्रिकेतली जात. शिंगं चांगली जाडजूड आणि डोक्यापेक्षा कितीतरी उंच. आप्पांनी हातातला घास तसाच ठेवला. आमचं गाव माणदेशातलं, दावणीला कायम खिल्लार. "पोरी, त्याला विचार, ही औताला चालत्यात का?" मी विचारलं. तो वाढपी पोरगा हसला आणि खुर्चीशेजारी उकिडवा बसला. त्याच्या आजोबांचीही गुरं होती. दोघांचं बोलणं सुरू झालं, मी मधे दुभाषी. शिंगं कशी वळतात हे आप्पा दोन्ही हातांनी दाखवत होते. आमच्या घरात टीव्हीसमोर गप्प बसून राहणारे आप्पा मला कितीतरी दिवसांनी असे मोकळे बोलताना दिसले.

मुलं मात्र तोवर खुर्चीत थांबली नाहीत. बाहेरच्या कठड्यापाशी उभं राहून प्राणी बघता येतात, त्यामुळे त्यांचे बाबा त्यांना घेऊन बाहेर गेले. लहान मुलांना घेऊन जायचं तर मला हीच सोय सगळ्यांत मोलाची वाटते. मिकी माऊस टेबलापाशी येतो अशा ठिकाणी मुलं खूश होतात, पण मोठ्यांचं जेवण आवाजातच उरकतं. इथं कुणालाच कुणासाठी मन मारावं लागत नाही.

जाणार असाल तर सूर्यास्ताच्या तासभर आधीची वेळ घ्या. डिसेंबरात साडेपाचलाच सूर्य मावळतो आणि मग प्राणी नीट दिसत नाहीत. खिडकीजवळची जागा मिळेलच असं नाही, पण विचारा जरूर. पॉइकी, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या तीन पायांच्या बिडाच्या भांड्यावरून नाव पडलेला रस्सेदार पदार्थ, दोघांत एक पुरे. ब्रेड सर्व्हिस मात्र वाटून घेऊ नका. आम्ही दुसरी मागवली.