तुम्ही विचारलंत म्हणून: कॅन्सर काखेत गेला होता का?

"काखेत जावक नाय मा?" हे मला कुडाळच्या बाजारात विचारलंय, एसटीत विचारलंय, एका लग्नात तर हातात अक्षता असताना विचारलंय. विचारणारीच्या किंवा तिच्या बहिणीच्या छातीत गाठ निघालेली असते, आणि काखेत गेला म्हणजे संपलं, असं कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलेलं असतं. तिला हो किंवा नाही हवं असतं. माझ्याकडे ते नाही, कारण माझा रिपोर्टच अधलामधला आला.

माझी गाठ दीड सेंटिमीटरची. मुंबईत ऑपरेशन झालं. स्तन ठेवला, गाठ आणि भोवतीचा थोडा भाग काढला, आणि त्याच वेळी काखेतल्या तीन लसिका ग्रंथी, म्हणजे अंगातला द्रव गाळणाऱ्या बारीक गाठी, काढल्या. तीनच का? स्तनातून निघालेला द्रव काखेत ज्या ग्रंथींत आधी पोचतो, त्याच तपासायच्या असतात. गोव्याची गाडी जशी आधी बांद्याच्या नाक्यावर लागते. त्यांना सेंटिनल ग्रंथी म्हणतात. त्या सापडाव्यात म्हणून निळा रंग टोचतात. हा रंग नंतर लघवीवाटे बाहेर पडतो, हे सासूबाईंना कुणी सांगितलं नव्हतं. भांडं उचलायला गेल्या आणि आतली हिरवीनिळी लघवी बघून तशाच थांबल्या. "गे बाय, ह्या काय झाला?" अख्ख्या वॉर्डाला ऐकू गेलं.

ऑपरेशन चालू असतानाच ग्रंथींचे काप गोठवून घाईघाईने बघतात. त्यात काही दिसलं नाही. डॉक्टरांनी बाहेर येऊन तसं सांगितलं आणि ह्यांनी पेढे आणले. "पक्का रिपोर्ट अजून यायचाय" हेही डॉक्टर म्हणाले होते, पण ते पेढ्यांच्या गडबडीत कुणाच्या कानात शिरलं नाही. गोठवलेल्या कापात थोड्याशा पेशी निसटू शकतात. मेणात बसवून, पातळ काप काढून, रंगवून बघायचं तर वेळ लागतो.

तो वेळ मी गावी काढला. मे संपत आलेला, मिरगाच्या आधी आमसुलं वाळायला हवीत म्हणून घरात धांदल. सालं रसात बुडवायची, उन्हात घालायची, वाळली की परत रसात. मला वजन उचलायची मनाई, म्हणून पडवीत बसून कोकमं फोडायचं काम माझ्याकडे. सासूबाईंनी देवळात कौल लावला, उजवा मिळाला. मी हसले नाही. निदान कौल जागच्या जागी तरी मिळतो, लॅबचं तसं नाही.

मात्र मुंबईहून निघण्याआधी मी डॉक्टरांना गाठून तीन प्रश्न विचारले होते. काही सापडलं नाही तर काय करणार? सापडलं तर काय? आणि थोडंसंच सापडलं तर? ह्यांनी उत्तरं वहीत उतरवून घेतली. रेडिएशन तिन्ही उत्तरांत होतं. हॉर्मोनची गोळीही तिन्हींत होती, कारण गाठ हॉर्मोनवर वाढणाऱ्या प्रकारची आहे हे बायोप्सीतच कळलं होतं. प्रश्न उरत होता तो काख पुन्हा उघडायची का आणि केमो द्यायची का, एवढाच. जगणार की मरणार हे त्या कागदावर लिहून येणार नव्हतं. हे कळल्यावर मला झोप लागायला लागली. रोज नाही, पण लागायला लागली.

रिपोर्ट मोबाईलवर आला. आमच्याकडे रेंज मिळते ती गडग्यापाशी, फणसाखाली. तिथे उभं राहून वाचला: तीनपैकी एका ग्रंथीत ०.८ मिलिमीटरचा कॅन्सरचा ठिपका. २ मिलिमीटरच्या वर असता तर ग्रंथी सरळ लागलेली धरली असती, ०.२ च्या आत असता तर लागलेल्यांत मोजलीच नसती. मधल्याला सूक्ष्म प्रसार म्हणतात.

पूर्वी एवढ्यावरसुद्धा काखेतल्या बहुतेक ग्रंथी काढत, आणि मग हात कायमचा सुजण्याची भीती वाढे. इंटरनॅशनल ब्रेस्ट कॅन्सर स्टडी ग्रुपने अशाच बायकांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१३ साली आले. काखेतल्या उरलेल्या ग्रंथी काढलेल्या आणि न काढलेल्या बायकांत पाच वर्षांनीही रोग परतण्याच्या बाबतीत म्हणावा असा फरक नव्हता. माझी काख पुन्हा उघडली नाही. केमोवर डॉक्टरांत बरीच चर्चा झाली. वय आणि गाठीचा स्वभाव बघून नको ठरलं. तुमचं वेगळं ठरू शकतं, तेव्हा माझ्यावरून स्वतःचं ठरवू नका.

पुन्हा होणार नाही ना, हे मात्र मला कुणी छातीठोकपणे सांगितलेलं नाही. तपासणीची तारीख जवळ आली की माझी चिडचिड वाढते, हे आता घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

बोलायला याल तेव्हा रिपोर्ट घेऊन या. किती ग्रंथी काढल्या, किती लागल्या, सगळ्यात मोठा ठिपका केवढा, कॅन्सर ग्रंथीचं वेष्टण फोडून बाहेर आलाय का, एवढं आपण मिळून शोधू. अर्थ डॉक्टरांनी सांगायचा. त्यांना विचारायचे प्रश्न मी लिहून देईन. फक्त सकाळच्या वेळी या. दुपारी गोळीमुळे अंगातून वाफा निघतात, तेव्हा मी कुणाशीच धड बोलत नाही.