पिवळं काहीतरी

परवा दुपारी पाऊस थांबला म्हणून भाच्याला घेऊन जरा बाहेर पडले, तर सडक्या ओंडक्यावर पंजाएवढा पिवळाजर्द लगदा. भाचा चार पावलं मागे. "मावशी, ई, कोणीतरी ओकलंय." त्याला तरी काय बोलणार, इंग्रजीतसुद्धा लोक याला कुत्र्याची ओकारीच म्हणतात. खरं नाव फुलिगो सेप्टिका, स्लाइम मोल्ड म्हणतात त्या जिवांमधलं सगळ्यात ठळक प्रकरण. बाकीचे शोधायला गुडघे टेकावे लागतात, हा रस्त्यानं जाणाऱ्यालाही दिसतो.

मी अर्थातच उकिडवी बसले. माझी जुनी खोड आहे ही, आणि माझ्याबरोबर फिरायला जायला घरात फारसं कोणी तयार नसतं त्याचं कारणही हेच.

लोकांना वाटतं ही बुरशी. बुरशी नाही, अमीबाच्या गोतावळ्यातला जीव आहे. तो अख्खा पिवळा पसारा म्हणजे एकच पेशी, आत केंद्रकं मात्र असंख्य, आणि ती पेशी सरकते, अगदी हळू, वाटेतले बॅक्टेरिया खात. भिंगातून बराच वेळ बघत राहिलं तर शिरांमधला रस एका बाजूला धावताना दिसतो, मग थबकतो, मग उलटा. हे एकदा बघितलं ना की सिरियल बघवत नाही.

पण ओळखायचं म्हणाल तर गंमत अशी की रंगावर जाऊन चालत नाही. आज ओलं पिवळं दिसतंय ते एकदोन दिवसांत फिकट, कोरडं होतं, वर चुन्याचं ठिसूळ कवच येतं, नखानं टोकरलं की आतून काळपट पूड उडते, ते बीजाणू. त्यामुळे मोबाइलवर एक फोटो काढून ॲपला "सांग रे बाबा" विचारणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो. अरे उद्या परत ये की बघायला!

हे मला लहानपणीच कळलं होतं, फक्त कळलंय हे कळलं नव्हतं. पडलेल्या खोडावर गुलाबी गोळ्यांची रांग असायची, एकेक जेमतेम सेंटीमीटरभर, आणि काडीनं टोचलं की आतून गुलाबी घट्ट पेस्ट बाहेर. मी बोटांना फासून घेतली तर ताई अगदी शांतपणे म्हणाली, "आता बोट गळून पडणार." मी रात्रभर ते बोट मुठीत धरून झोपले. सकाळी बोट जागेवर होतं म्हटल्यावर धीर वाढला, मग लाकडाच्या ढलपीसकट तीनचार गोळ्या काडेपेटीत ठेवल्या आणि विसरून गेले. नंतर उघडलं तर गुलाबीपणा साफ गायब, करड्या तपकिरी गोळ्या, दाबलं की फुस्स करून धूळ. ताईवर आळ घेतला की तूच बदलल्यास. ते लाइकोगाला होतं, हाही एक स्लाइम मोल्डच.

काडेपेटीचं हसू नका. जपानात मिनाकाता कुमागुसू नावाचा एक अफाट विक्षिप्त अभ्यासक होऊन गेला, त्याने 1929 साली सम्राट हिरोहितोंना स्लाइम मोल्डचे 110 नमुने भेट दिले ते कॅरमेलच्या रिकाम्या खोक्यांत घालून! सम्राटांना स्वतःला या विषयाची आवड होती, त्यामुळे निभावलं असावं.

जपानचाच तो दुसरा किस्सा, 2000 साली नाकागाकी नावाच्या संशोधकाने आणि मंडळींनी फायसारम या स्लाइम मोल्डला भूलभुलैयात सोडलं आणि त्यानं खाण्याच्या दोन ठिकाणांमधला जवळचा रस्ता धरला, तो आता इतक्यांदा ऐकलाय की कोणी सुरू केला की मी पाणी प्यायला उठते. मेंदू नसताना हुशार वगैरे. असेल. मला आपली ती स्टेमोनायटिस जास्त आवडते, संध्याकाळी लाकडावर पांढरी ओलसर गर्दी आणि सकाळी तिथेच बारीक काळ्या देठांवर तपकिरी झुपके, उंची एकदोन सेंटीमीटर, फुंकर घातली की सगळे एकदम हलतात. ही ओळखायला सोपी. आर्किरियाही तशी सोपी, लालसर आणि भुसभुशीत, आणि सेराटिओमिक्सा पांढरीशुभ्र, खोडावर बारीक बारीक खांब उभे केल्यासारखी.

इथवर रुबाब टिकतो. त्यापुढचे जे टाचणीच्या डोक्याएवढे नग आहेत ते मायक्रोस्कोपखाली बीजाणू बघितल्याशिवाय नाव सांगत नाहीत, आणि माझ्याकडे मायक्रोस्कोप नाही, घ्यायचाही नाहीये. वहीत लिहून टाकते, "पांढरं, देठ आहे, फार बारीक." अशाच नोंदी जास्त आहेत वहीत. काही ठिकाणी तर नुसतंच "परत तेच?"