पाणी तापवण्याचा रॉड आणि ओहमचा नियम: माझा अनुभव

या हिवाळ्यात संध्याकाळी बादलीभर पाणी तापायला आमच्याकडे फार वेळ लागू लागला. नवा रॉड आणावा असे घरात ठरत होते. परंतु कारण कळल्याशिवाय वस्तू बदलणे मला पटत नाही, म्हणून गावातील वायरमनना सोबत घेऊन मी आधी मोजमाप करायचे ठरवले.

रॉडवर २३० व्होल्ट, १५०० वॉट असे छापलेले होते. व्होल्टेजच्या वर्गाला वॉटने भागले की रोध, म्हणजे तारेचा विजेला होणारा अडथळा, मिळतो. ५२,९०० भागिले १५०० म्हणजे सुमारे ३५.३ ओहम. रॉड पाण्यात बुडवून, चालू ठेवून सॉकेटवर मोजले तेव्हा व्होल्टेज १८७ भरले. करंट क्लॅम्प मीटरने, म्हणजे वायरीभोवती जबडा लावून करंट मोजणाऱ्या मीटरने, घेतला. त्याचा जबडा फेज किंवा न्यूट्रल यांपैकी एकाच वायरभोवती लावावा लागतो, कारण दोन्ही वायरी एकत्र धरल्यास त्यांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना रद्द करतात आणि मीटर शून्य दाखवतो. करंट ५.३ अँपिअर आला. ओहमच्या नियमाप्रमाणे व्होल्टेजला करंटने भागले की रोध मिळतो. १८७ भागिले ५.३ म्हणजे ३५.३ ओहम, त्यामुळे पाणी हळू तापण्यात रॉडचा दोष नाही हे तिथेच स्पष्ट झाले. (रॉडमधल्या नायक्रोम या मिश्रधातूच्या तारेचा रोध तापल्यावर फारसा बदलत नाही, म्हणून ही तुलना चालते, पिवळ्या बल्बच्या टंगस्टन तारेला ती मुळीच चालली नसती.)

शक्ती मात्र १८७ गुणिले ५.३, म्हणजे ९९१ वॉटच होती. व्होल्टेज एकोणीस टक्क्यांनीही घटले नव्हते, तरी शक्ती एक तृतीयांशाने गेली होती, कारण रोध तोच राहिला तर शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. वीस लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला १५०० वॉटला साधारण २३ मिनिटे लागतात, ९९१ वॉटला ३५.

आता १८७ व्होल्ट का, हा प्रश्न उरला. रॉड बंद असताना मेन स्विचपाशी १९८ व्होल्ट होते आणि चालू केल्यावर १९५. म्हणजे उरलेले ८ व्होल्ट घरातल्याच वायरिंगमध्ये जात होते. ८ भागिले ५.३ म्हणजे दीड ओहम. एक चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे १८ ओहम असतो, आणि बोर्डापासून न्हाणीघरापर्यंत जाऊन-येऊन तीस मीटर तार धरली तरी तो अर्ध्या ओहमच्या आसपासच भरतो. बाकीचा एक ओहम कुठल्यातरी सांध्यात असणार, आणि त्या सांध्यात करंटचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे ५.३ चा वर्ग गुणिले एक, या हिशेबाने २८ वॉट उष्णता निर्माण होत असणार, हे आकड्यांनीच सांगितले. मेन बंद करून सॉकेट उघडले तेव्हा न्यूट्रलचा स्क्रू सैल होता आणि तिथले प्लॅस्टिक तपकिरी पडलेले होते. अशा ठिकाणी आग लागू शकते, म्हणून सॉकेट बदललेच. एवढ्या भारासाठी अडीच चौरस मिलिमीटरची तार हवी, तीही आता टाकून घेणार आहोत.

दुरुस्तीनंतर सॉकेटवर १९२ व्होल्ट आणि ५.४ अँपिअर मिळाले, म्हणजे १०३७ वॉट. उरलेली तूट बाहेरच्या पुरवठ्याची आहे. तिच्याविषयी केलेल्या अर्जात मी १८७ हा आकडा लिहिला नाही, मेन स्विचपाशी मोजलेले १९५ आणि १९८ हेच लिहिले, कारण त्यापुढची घट ही आमच्या वायरिंगची जबाबदारी होती.