पाण्याची वाट

शनिवार, रात्री

स्क्रू-ड्रायव्हर नुसता टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. जागा गाडीच्या सरकत्या दाराखालच्या पट्टीवर, मागच्या चाकाच्या वीतभर पुढे. वरून पाहावं तर रंगाला मोहरीएवढे दोन फोड, बाकी सगळं गुळगुळीत. फोड आला म्हणजे गंज लागायला सुरुवात झाली, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. तो तर शेवटचा अंक निघाला. गंज आतून पत्रा खात येतो. लोखंडाला गंजल्यावर पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, ती मिळाली नाही की तो रंगाला ढकलतो. फोड दिसतो तेव्हा आतली पंगत उठलेली असते.

गाडी १९७३ ची, फोक्सवॅगन टाइप टू व्हॅन. हिला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. तळ, तुळया, बॉडी सगळं एकमेकांना वेल्ड केलेलं, आणि भार सगळ्यांनी मिळून उचलायचा. म्हणजे दाराखालची पट्टी शोभेची नाही. ती तीन पदरी आहे : बाहेरचा पत्रा, मधला, आतला. मधल्याचं काय झालंय ते बाहेरचा कापल्याशिवाय कळणार नाही. झोप येत नाहीये.

रविवार

दिवसभर ग्राइंडर. नाकातून अजून काळं येतंय, मास्क लावूनही.

रंग गेला, प्रायमर गेला, आणि खाली लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी, लागली. थोडीथोडकी नाही, बोटाच्या पेराएवढी जाड. लांबी दोन-तीन मिलिमीटरचा खड्डा भरण्यापुरती असते, भोक बुजवायला नव्हे. शिवाय ती ओल धरते. मागच्या मालकाच्या नावाने मी मनसोक्त बोटं मोडली. भाचा टॉर्च धरून बसला होता, त्याच्या शब्दसंग्रहात आज चांगली भर पडली असणार.

लांबीखाली पत्र्याचा तुकडा निघाला. मूळ पत्र्यावर आडवा ठेवून रिव्हेट मारलेला, वर डांबरासारख्या काळ्या लेपाचा थर. रिव्हेट फोडून तुकडा उचकटला, तर त्याची आतली बाजू हिरवी. मी ओळखलाच तो हिरवा. माझ्या जुन्या सायकलीचा. डबीत उरला होता म्हणून मीच मारला होता, गाडी घेतली त्या वर्षी, एका संध्याकाळीत 'काम उरकून टाकलं' म्हणून खूश होऊन.

भाचा म्हणाला, "मावशी, मग मगाचच्या शिव्या?"

त्याला चहा आणायला पाठवलं.

सोमवार

हिरवा तुकडा ऑफिसात जाताना पिशवीत टाकला. का, ते माहीत नाही. दुपारी टेबलावर ठेवून न्याहाळत बसले.

चूक कुठे झाली ते त्याच्यावरच लिहिलंय. पत्र्यावर पत्रा ठेवला की दोघांच्या मध्ये केसाएवढी फट राहते, पाणी त्या फटीत स्वतःहून चढतं आणि वारा तिथे पोचत नाही. तुकड्याच्या कडा खाऊन करवतीसारख्या झाल्यात. मधोमध, जिथे रंग घट्ट बसला होता तिथे, हिरवा अजून तुकतुकीत आहे. पण ही छोटी चूक. मोठी अशी की पट्टीच्या तळाशी पाणी निथळायला भोकं असतात, आणि मी काळा लेप फासताना ती सगळी बुजवून टाकली होती. गंज येऊ नये म्हणून! खिडकीच्या रबरातून झिरपणारं पाणी दाराच्या बाजूने खाली उतरायचं आणि तिथेच मुक्काम करायचं.

शनिवार

मधला पदर दीड वीत गेला होता. दाराची चौकट हलू नये म्हणून कापण्याआधी आडवा पाइप टाके मारून बसवला. दार लावून, दाराभोवतीची फट वर, मध्ये, खाली मोजून घेतली. कापताना मोह फार होतो. 'इथला पत्रा जरा पातळ झालाय, पण चालेल.' त्या 'चालेल'वर वेल्डिंग टिकत नाही, ठिणगी पडली की भोक मोठं होत जातं. हातोडीने टकटक करत मागे सरकायचं, पोचट आवाज जाऊन खणखणीत येईपर्यंत. माझी रेघ चार वेळा मागे गेली.

पुठ्ठ्याचा साचा काढून त्यावरून १ मिलिमीटरचा पत्रा कापला. या वेळी वर ठेवायचा नाही, कडेला कड भिडवायची, मध्ये पत्र्याच्या जाडीएवढी फट. दुपार कानशीतच गेली. एक कोपरा बसला की दुसरा रुसायचा.

रविवार, उशिरा

आज वेल्डिंग. बॅटरी सोडली, आतलं कापड-फोम काढलं, भाच्याला पाण्याची बादली देऊन पलीकडे बसवलं. उडालेली ठिणगी मागे कुठे पडते ते वेल्डिंग करणाऱ्याला दिसत नाही. त्याने एकदा ओरडून थांबवलं. आतल्या जुन्या लेपाने पेट घेतला होता, ओल्या फडक्याने विझला.

वेल्डिंगची तार ०.६ मिलिमीटरची. सलग ओढायचं नाही, हे मला हात भाजून कळलेलं आहे. एक टाका इथे, दुसरा पार त्या टोकाला, तिसरा मध्ये, आणि मग थांबायचं. पत्र्याला हात लावता आला तरच पुढचा. टाका गार होताना आक्रसतो आणि आजूबाजूचा पत्रा ओढून घेतो. घाई केली की सपाट पट्टीची पापडी होते. थांबणं हेच निम्मं काम. त्या वेळात भाच्याने मला त्याच्या वर्गातली सगळी भांडणं सांगितली. नव्या पट्टीवर जस्ताचा मुलामा आहे, तो कडेपासून बोटभर घासून काढला होता. लोखंड वितळतं साधारण १५०० अंशांना, जस्त त्याच्या कितीतरी आधी, ९०७ अंशांना उकळतं. तो धूर छातीत गेला तर रात्री ताप भरतो.

टाके जुळत जुळत रेघ झाली. घासल्यावर दोन ठिकाणी टाचणीएवढा उजेड दिसला, तिथे पुन्हा एकेक. चौकटीची फट मोजली : वर, मध्ये तीच. खाली अर्धा मिलिमीटर कमी. दार लागतंय.

पुढचा शनिवार

आत-बाहेर प्रायमर वाळलाय, सांध्यावर सीलर भरलाय. गंज रोखणारं मेण आत फवारायच्या आधी मला एक बघायचं होतं. तांब्याभर पाणी घेतलं आणि दाराच्या रुळाच्या कडेने आत ओतलं.

"मावशी! आता कुठे कोरडं केलंय ना ते?"

"गप्प बस आणि खाली बघ."

खाली तीन भोकं. पहिल्यातून धार लागली, आधी ग्राइंडरची काळी भुकटी घेऊन, मग स्वच्छ. तिसऱ्यातूनही. मधलं गप्प. भाच्याने जमिनीवर आडवं होऊन तार घातली, सीलरची एक गुठळी निघाली आणि पाणी थेट त्याच्या कानात.

आता हेअर ड्रायर लावून ठेवलाय. मेण उद्या.