एक प्रत चढावरच्या घरी

पहाटे पावणेसहाला स्वारगेटला पोचलो तर ती दोघं माझ्या आधी येऊन उभी होती. थोरली आणि धाकटा. थोरलीच्या खांद्याला तिच्या बाबांची खाकी सॅक, सॅकच्या खिशात ती पोचे आलेली स्टीलची बाटली. वीसेक वर्षं मी ती बाटली रविवारामागून रविवार पाहत आलो, पण त्याच्याशिवाय कधी पाहिली नव्हती. "काका, दोन महिने गडावर कुणी गेलेलं नाही. आई म्हणाली, बाटली भरून आणा," ती म्हणाली. मी सिंहगडाची बस लागली का ते बघायला पुढे गेलो, कारण तिथे थांबलो असतो तर रडू आलं असतं.

आषाढात तो गेला. रात्री जेवून झोपला, सकाळी उठला नाही.

भोसरीच्या कारखान्यात टूलरूममध्ये आमची बेंचं शेजारी शेजारी होती. वहिनी नर्स, त्यांची ड्युटी सकाळची. थोरली शाळेत जायला लागली तेव्हा तिची वेणी कोण घालणार, म्हणून यानं साहेबांकडून कायमची दुसरी पाळी मागून घेतली. दुसरी पाळी कुणी मागून घेत नाही. मग आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत बेंचवरच्या व्हाइसच्या जबड्यात तीन सुतळ्या अडकवून तो वेणी घालायला शिकला. बोटांत मायक्रॉनचं माप ओळखणारा माणूस, तरी पहिली वेणी सैल पडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुतळ्या. दहावीपर्यंत त्या पोरीच्या दोन वेण्या, लाल रिबिनींसकट, त्यानंच घातल्या.

बस राजाराम पूल, विठ्ठलवाडी, वडगाव करत नांदेड फाट्याला आली. भाद्रपद सरत आला होता, डोंगरांवर ढग टेकलेले. खडकवासल्याची भिंत दिसली तसा धाकटा खिडकीकडे सरकला. अगदी बापासारखा.

त्या भिंतीशी त्यांच्या घराचं जुनं नातं आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्यानं खडकवासलाही फुटलं आणि मुठेचं पाणी पेठांत शिरलं. त्याची आई तेव्हा नारायण पेठेत नवी सून होती. नेसत्या लुगड्यानिशी माडी चढून, कौलांवरून पलीकडच्या उंच वाड्यात गेली म्हणून वाचली. भांडीकुंडी, दागिने, लग्नाचे फोटो, सासऱ्यांची एकुलती एक तसबीर, सगळं गेलं. याचा जन्म त्यानंतरचा. "भांडी परत घेता आली रे," तो म्हणायचा, "पण माझे आजोबा कसे दिसायचे ते मला कधीच कळणार नाही."

म्हणून मुलांच्या प्रत्येक वाढदिवसाला तो त्यांना स्टुडिओत न्यायचा आणि फोटोच्या दोन प्रती करायचा. एक त्यांच्या घरी. दुसरी माझ्याकडे, कारण माझं घर सहकारनगरच्या चढावर. पहिल्यांदा त्यानं पाकीट हातात दिलं तेव्हा म्हणाला, "तुझ्याकडे पाणी चढणार नाही." आज माझ्या कपाटात त्याच्या संसाराचे तीन अल्बम आहेत. माझ्या स्वतःच्या मुलांचे एवढे फोटो माझ्याकडे नाहीत.

आतकरवाडीतून चढाला लागलो. वाट चिखलाची, दगड शेवाळलेले, दोन्ही बाजूंनी सोनकीची पिवळी फुलं. एरवी तो सगळ्यांच्या मागे चालायचा, जो दमेल त्याच्या जोडीनं. त्या दिवशी मागे मी राहिलो. अर्ध्या वाटेवरच्या ताकवाल्या मावशींनी मुलांकडे पाहिलं, सॅककडे पाहिलं आणि काही न विचारता चार ग्लास भरले. मग त्यांच्या लक्षात आलं. चौथा ग्लास त्यांनी माठाजवळ तसाच ठेवला.

तीन दरवाजे ओलांडून वर आलो तेव्हा धुकं एवढं की टिळकांचा बंगलासुद्धा अगदी जवळ गेल्यावर दिसला. तोरणा-राजगड तर नाहीतच. तानाजी मालुसऱ्यांच्या स्मारकापाशी धाकटा थांबला. सहा वर्षांचा असताना इथेच त्यानं विचारलं होतं, "तानाजी मेल्यावर रायबाच्या लग्नाचं काय झालं?" ४ फेब्रुवारी १६७० ची ती रात्र, घोरपड, दोर, सगळं आम्ही रंगवून सांगत होतो, पोराला काळजी रायबाची. याला ते फार भावलं होतं. मुलाला खांद्यावर घेऊन त्यानं सांगितलं, की महाराजांनी स्वतः उभं राहून ते लग्न लावून दिलं असं म्हणतात. थोरलीचं लग्न मार्गशीर्षात आहे. तिघंही ते जाणून होतो, कुणी बोललं नाही. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

स्मारकामागून देवटाक्याकडे गेलो. कातळात खोदलेलं टाकं, पाणी काळंभोर आणि गार. महात्मा गांधी पुण्यात आले की इथलं पाणी मागवून घेत, असं सांगतात. याच्या आईला नदीच्या पाण्याची धास्ती बसली होती ती शेवटपर्यंत. नळाला येतं तेही तेच, असं म्हणायची आणि तोंड फिरवायची. "गडाचं पाणी कुणाच्या घरात शिरत नाही," हे तिचं वाक्य. म्हणून दर रविवारी तिच्यासाठी एक बाटली खाली जायची. म्हातारी गेल्यावरही त्यानं ते सोडलं नाही, तुळशीला घालायचा. मी एकदा विचारलं, आता कशाला? म्हणाला, "घरात सवय आहे."

थोरलीनं वाकून बाटली भरली. टोपण लावताना तिचे हात थरथरत होते, धाकट्यानं ते फिरवून घट्ट केलं. मग दोघांना टाक्याच्या काठावर उभं करून मी फोटो काढला. मागे नुसतं पांढरं धुकं आहे, पण चेहरे स्वच्छ आले आहेत.

पिठलं-भाकरी, दही खाऊन उतरलो. घरी वहिनींनी बाटली हातात घेतली, पदरानं पुसली आणि सरळ गॅलरीतल्या तुळशीकडे गेल्या. संध्याकाळी मुलांबरोबर मी कोपऱ्यावरच्या फोटोच्या दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, "किती प्रती काढू?"

माझ्या आधी धाकटा म्हणाला, "दोन. एक काकांकडे."